मेल येतात पण जात नाहीत: घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते आधी शोधा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. थंडरबर्डमध्ये (कॉम्प्युटरवरचा मेलचा प्रोग्राम) मेल व्यवस्थित येतायत, पण सेंड दाबलं की बराच वेळ ती पट्टी नुसती सरकत राहते आणि मग काहीतरी एरर येतो. पासवर्ड बरोबर आहे कारण त्याच पासवर्डने ब्राउझरमधून मेल जातो, मोबाइलवरूनही जातो. अकाउंट काढून परत टाकलं तरी फरक नाही, आणि आता सगळा प्रोग्रामच काढून नव्याने टाकू का, असं विचारताय.

नका टाकू. निदान अजून तरी नको. बरीच वर्षं ऑफिसांचे मेल सांभाळणं हेच माझं काम आहे आणि प्रोग्राम परत टाकल्याने मेल जायला लागला असं मी क्वचितच बघितलंय. उलट पॉप (मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची पद्धत) लावलेलं असेल तर तुमचे जुने मेल फक्त तुमच्याच कॉम्प्युटरवर असू शकतात, आणि अकाउंट काढताना ‘मेसेज डेटा पण काढा’ वर टिक केली तर ते गेलेच. त्यामुळे पुन्हा काहीही काढण्याआधी बॅकअप घ्या.

आता मूळ मुद्दा. ‘मेल येतोय म्हणजे कनेक्शन, पासवर्ड, सेटिंग सगळं बरोबर आहे’ असं आपण धरून चालतो, आणि तिथेच सगळे अडकतात. मेल येण्याचा रस्ता वेगळा आणि जाण्याचा वेगळा. येणारा मेल आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) किंवा पॉपने येतो, बहुतेक ९९३ किंवा ९९५ पोर्टवरून (पोर्ट म्हणजे सर्व्हरचा नंबर दिलेला दरवाजा). जाणारा मेल एसएमटीपीने जातो, ४६५ किंवा ५८७ वरून. सर्व्हरचं नाव वेगळं असू शकतं, सिक्युरिटीचं सेटिंग वेगळं, सेव्ह केलेला पासवर्डसुद्धा प्रोग्राम वेगळा ठेवतो. एक बाजू ठणठणीत असली म्हणून दुसरीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

ब्राउझरमधून जातो त्याचंही तसंच. तिथे तुमचा कॉम्प्युटर एसएमटीपी वापरतच नाही, तो फक्त वेबसाइटशी बोलतो आणि पुढचं पाठवायचं काम तिकडचा सर्व्हर स्वतः करतो. म्हणजे त्यातून एवढंच कळतं की अकाउंट जिवंत आहे, पासवर्ड बरोबर आहे आणि तुमचं पाठवणं कोणी ब्लॉक केलेलं नाही. हेही कामाचं आहे, पण तेवढंच.

मोबाइलवरून जातो ही मात्र फार महत्त्वाची गोष्ट आहे आणि तुम्ही ती जाता जाता लिहिलीय. तो मोबाइल त्या वेळी त्याच वायफायवर होता की स्वतःच्या डेटावर? हे एकदा बघाच. वायफाय बंद करून आणि चालू करून, दोन्ही प्रकारे एकेक मेल पाठवा. मग उलटं करा, लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा आणि थंडरबर्डमधून पाठवून बघा. हॉटस्पॉटवर गेला आणि घरच्या नेटवर अडला तर दोष नेटवर्कचा. दोन्हीकडे अडला तर दोष लॅपटॉपमध्ये, आणि बहुतेक वेळा तो सेटिंगचाच असतो. एवढ्या एका टेस्टने निम्मं काम होतं, त्यामुळे मला कोणाचाही असा फोन आला तर मी पहिलं हेच करायला सांगते.

दुसरं म्हणजे एरर. तुम्ही ‘काहीतरी एरर येतो’ असं लिहिलंय, पण सगळं उत्तर त्या काहीतरीमध्येच असतं. ती खिडकी आली की ओके दाबायच्या आधी पूर्ण वाचा, फोटो काढा. त्यात तीन आकडी नंबर आहे का बघा, चारने किंवा पाचने सुरू होणारा. असा नंबर सर्व्हर देतो. तो दिसला म्हणजे तुमचा प्रोग्राम सर्व्हरपर्यंत पोचला, सर्व्हरने ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. चारने सुरू होणारा म्हणजे ‘आत्ता नाही, थोड्या वेळाने या’, पाचने सुरू होणारा म्हणजे ‘हे असं चालणार नाही, काहीतरी बदला’. आणि नंबर नसेल, नुसतं ‘टाइम आउट झालं’ किंवा ‘कनेक्ट होता येत नाही’ असं असेल, तर बोलणं सुरूच झालं नाही असं समजा, आणि मग पासवर्डच्या मागे लागण्यात अर्थ नाही कारण पासवर्ड द्यायची वेळच आलेली नाही.

हे बोलणं नेमकं कसं चालतं ते एकदा बघून ठेवा, म्हणजे एरर कुठल्या टप्प्यावर आला ते तुमचं तुम्हाला कळेल. प्रोग्राम सर्व्हरच्या पोर्टवर कनेक्शन उघडतो, सर्व्हर आधी बोलतो, २२० म्हणजे ‘मी तयार आहे’. प्रोग्राम आपली ओळख सांगतो, त्यावर सर्व्हर २५० देऊन आपल्याला काय काय येतं त्याची यादी देतो. मग स्टार्टटीएलएस म्हणून दोघं एन्क्रिप्शनवर, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येणार नाही अशा सांकेतिक बोलण्यावर, जातात आणि ओळखपाळख पुन्हा एकदा होते. नंतर लॉगिन, ते पटलं की २३५. मग पाठवणाऱ्याचा पत्ता, तो मान्य झाला की २५०. मग घेणाऱ्याचे पत्ते एकेक करून, प्रत्येकाला वेगळा २५०. मग ‘डेटा’, त्यावर ३५४ म्हणजे ‘सांगा, लिहून घेतो’, आणि मग पूर्ण मेल अटॅचमेंटसकट ओळीओळीने जातो, शेवटी एका ओळीवर नुसता एक डॉट. त्या डॉटला २५० आला की मेल सर्व्हरने ताब्यात घेतला. ही पद्धत १९८२ पासूनची आहे, एन्क्रिप्शन आणि लॉगिन नंतर जोडले गेले, पण सांगाडा तोच आहे.

तुमची ती सरकत राहणारी पट्टी ऐकून माझा पहिला संशय पोर्ट आणि सिक्युरिटीच्या जोडीवर जातो. नियम साधा आहे, ४६५ असेल तर कनेक्शन सिक्युरिटीमध्ये एसएसएल/टीएलएस (सुरुवातीपासूनच एन्क्रिप्शन), ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस (साधं सुरू करून मग एन्क्रिप्शन). ही जोडी चुकली की काय होतं बघा. ४६५ वर सर्व्हर एन्क्रिप्शन पहिल्या क्षणापासून धरून चालतो, म्हणून तो तुमच्या प्रोग्रामने हँडशेक (एन्क्रिप्शनची सुरुवातीची बोलणी) सुरू करायची वाट बघत गप्प बसतो. तुम्ही सेटिंगमध्ये स्टार्टटीएलएस निवडलेलं असलं तर प्रोग्राम सर्व्हरच्या २२० ची वाट बघत गप्प बसतो. फोन उचलून दोघंही समोरच्याने बोलायची वाट बघतायत, तसं. कोणीच बोलत नाही आणि शेवटी टाइम आउट. उलटी चूक केली, म्हणजे ५८७ वर एसएसएल/टीएलएस निवडलं, तर बहुतेक वेळा असं लटकत नाही, लगेच एरर येतो, कारण सर्व्हर साध्या अक्षरात बोलायला लागतो आणि प्रोग्रामला एन्क्रिप्टेड उत्तर हवं असतं. म्हणून किती वेळाने एरर आला हीसुद्धा माहितीच आहे.

आता कुठला पोर्ट बरोबर, यावर तुम्हाला दोन टोकाचे सल्ले वाचायला मिळतील. त्याला कारण आहे. २५ हा जुना मूळ पोर्ट, तो आता सर्व्हरने सर्व्हरला मेल द्यायचा. व्हायरस लागलेले घरचे कॉम्प्युटर त्यावरून थेट स्पॅम सोडायचे म्हणून बऱ्याच इंटरनेट कंपन्या घरगुती कनेक्शनवर २५ बंदच ठेवतात. लोकांनी आपला मेल सर्व्हरकडे द्यायला ५८७ हा वेगळा पोर्ट १९९८ मध्ये ठरला. ४६५ त्याच सुमाराला आला, मग तो अधिकृत यादीतून काढला गेला, तरी लोक वापरत राहिले, आणि २०१८ च्या शिफारशीत सुरुवातीपासून एन्क्रिप्शन म्हणून त्यालाच परत मान मिळाला. त्यामुळे ‘४६५ जुना झाला’ आणि ‘४६५ च वापरा’ ही दोन्ही वाक्यं आपापल्या काळात बरोबर होती. तुम्ही तुमच्या मेल सर्व्हिसने स्वतः काय दिलंय ते बघा आणि तेच टाका. तुमच्याकडे २५ असेल तर मात्र बदलाच, नेट कंपनी बदलली की एका रात्रीत मेल जायचा थांबतो तो यामुळेच.

पोर्ट खरंच उघडा आहे का हे बघायचं असेल तर विंडोजच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन नावाची कमांड आहे, तिला सर्व्हरचं नाव आणि पोर्ट दिला की शेवटच्या ओळीत ट्रू किंवा फॉल्स येतं. फॉल्स आलं तर वाटेत काहीतरी अडवतंय, फायरवॉल, व्हीपीएन, ऑफिसचं नेटवर्क, नाहीतर सर्व्हरचं नावच चुकीचं टाइप झालंय (हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं, नावाच्या शेवटी एक स्पेस राहिली तरी पुरते). ट्रू आलं आणि तरी मेल लटकतोय तर वर सांगितलेली जोडी, नाहीतर अँटीव्हायरस. काही अँटीव्हायरस जाणारा मेल मध्ये उघडून तपासतात आणि एन्क्रिप्शनच्या मधोमध बसतात. टेस्टपुरतं फक्त मेल स्कॅनिंग बंद करून बघा, पूर्ण अँटीव्हायरस बंद करायची गरज नाही, आणि त्याने मेल गेला तर तेवढा एक पर्याय बंद ठेवायला हरकत नाही, कारण अटॅचमेंट उघडताना फाइल तरीही तपासली जातेच.

सर्टिफिकेटचा (सर्व्हरच्या ओळखपत्राचा) एरर आला तर आधी लॅपटॉपची तारीख-वेळ बघा. घड्याळ मागे गेलं असेल तर चांगलं सर्टिफिकेटसुद्धा प्रोग्रामला चुकीचं वाटतं. तारीख बरोबर असेल तर सर्व्हरचं नाव बघा. स्वतःच्या डोमेनचा मेल शेअर्ड होस्टिंगवर असेल तर आपण ‘मेल डॉट आपलं डोमेन’ टाकतो, पण सर्टिफिकेट कधीकधी होस्टिंगवाल्याच्या मशीनच्या नावाचं असतं. मग त्यांच्याकडून खरं नाव विचारून तेच टाकायचं. ‘एक्सेप्शन मान्य करा’ असं बटण येतं ते सवयीने दाबू नका, विशेषतः बाहेरच्या वायफायवर, कारण त्या इशाऱ्याचा अर्थ खरंच कोणीतरी मध्ये बसलंय असाही असू शकतो. आणि कोणी फार जुना मेल प्रोग्राम वापरत असेल तर टीएलएस १.० आणि १.१ हे २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झालेत, बरेच सर्व्हर आता १.२ च्या खाली बोलत नाहीत, तिथे नवीन व्हर्जनला पर्याय नाही.

इथपर्यंत सगळं नंबर नसलेल्या एररचं झालं. हॉटस्पॉट, पोर्टची जोडी, अँटीव्हायरस, तारीख, या क्रमाने. आता नंबर असेल तर.

५३५ म्हणजे लॉगिन पटलं नाही. इथे लोक म्हणतात, ‘पासवर्ड तर बरोबर आहे.’ तुम्हाला माहीत असलेला पासवर्ड बरोबर असेल हो, पण प्रोग्राम कुठला पाठवतोय? थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली सेव्ह केलेले पासवर्ड बघा, आयमॅपची एक नोंद आणि एसएमटीपीची वेगळी नोंद दिसेल. पासवर्ड बदलल्यावर येणाऱ्या बाजूने नवीन विचारला, तुम्ही दिला, आणि जाणाऱ्या बाजूला जुनाच पडून राहिला असं होतं. एसएमटीपीची ती एक ओळ काढून टाका, पुढच्या वेळी तो विचारेल. युजरनेममध्ये पूर्ण मेल आयडी आहे का तेही बघा, बऱ्याच ठिकाणी ॲटच्या आधीचा भाग पुरत नाही.

तुमचा मेल कोणाचा आहे ते तुम्ही लिहिलं नाही आणि इथून पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे. जीमेल असेल तर ३० मे २०२२ पासून नेहमीच्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामला वैयक्तिक अकाउंटमध्ये प्रवेश नाही. ऑथेंटिकेशनमध्ये ओऑथ २ (प्रोग्रामला पासवर्ड न देता ब्राउझरच्या खिडकीतून लॉगिन) निवडावं लागतं, किंवा टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून त्या प्रोग्रामपुरता वेगळा १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक डॉट कॉमने हेच १६ सप्टेंबर २०२४ ला केलं, तिथे ओऑथच हवं. बघायची गोष्ट ही की येणाऱ्या बाजूला ओऑथ लागलेलं असतं म्हणून मेल येत राहतात आणि जाणाऱ्या बाजूला जुनं ‘नॉर्मल पासवर्ड’ तसंच राहिलेलं असतं. लक्षणं अगदी तुमच्यासारखीच, फक्त तिथे पट्टी फार वेळ सरकत नाही, लवकर नकार येतो. स्वतःच्या डोमेनचा मेल असेल तर मात्र सहसा नॉर्मल पासवर्डच चालतो, आणि ओऑथ निवडून काही होत नाही.

५५० बरोबर ‘रिलेइंग डिनाइड’ असं आलं तर ऑथेंटिकेशन ‘नो ऑथेंटिकेशन’ वर राहिलंय असं बहुतेक वेळा निघतं. याची एक पक्की खूण आहे, ऑफिसातल्या ऑफिसात, म्हणजे त्याच डोमेनच्या लोकांना मेल जातो आणि बाहेर कोणालाच जात नाही. सर्व्हर आपल्या घरचा मेल कोणाकडूनही घेतो, पण दुसऱ्याकडे पोचवायचं काम फक्त लॉगिन केलेल्यांसाठी करतो. हे ऐकलं की मी बाकी काही न बघता थेट ते सेटिंग उघडते.

५५३, किंवा पाठवणाऱ्याचा पत्ता तुमच्या मालकीचा नाही अशा अर्थाचं काही आलं, तर आणखी एक जागा बघा, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत ही नक्कीच बघायला हवी, एरर कुठलाही असो. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंगच्या यादीत अगदी खाली ‘आउटगोइंग सर्व्हर’ असा वेगळा भाग आहे. जाणारे सर्व्हर तिथे सगळ्या अकाउंटचे एकत्र ठेवलेले असतात, आणि प्रत्येक अकाउंटला त्यातला एक जोडलेला असतो. अकाउंट काढलं तरी त्याचा आउटगोइंग सर्व्हर त्या यादीत तसाच राहू शकतो. म्हणजे तुम्ही अकाउंट काढून परत टाकलंत तेव्हा येणारी बाजू नवी झाली आणि जाणारी बाजू कदाचित तीच जुनी, चुकलेली, परत जोडली गेली. फरक पडला नाही याचं मला तरी हेच कारण वाटतं. त्या भागात जा, तुमच्या मेलचा सर्व्हर निवडा, नाव, पोर्ट, सिक्युरिटी, ऑथेंटिकेशन, युजरनेम हे पाचही बघा, मग तुमच्या अकाउंटच्या पहिल्या पानावर येऊन खाली तोच सर्व्हर निवडलाय ना याची खात्री करा. एकाच प्रोग्राममध्ये दोन-तीन अकाउंट असणाऱ्यांचा एकाचा मेल दुसऱ्याच्या सर्व्हरवरून पाठवायचा प्रयत्न होत असतो आणि त्यांना ते कळतही नाही.

काही वेळा सगळं बरोबर असतं आणि तो एकच मेल जात नाही. म्हणून टेस्ट करताना नेहमी दोन शब्दांचा, अटॅचमेंट नसलेला मेल स्वतःलाच पाठवा. तो गेला तर सेटिंग ठीक आहेत. मग मोठी फाइल बघा. जीमेलची पाठवायची मर्यादा २५ एमबी आहे, पण अटॅचमेंट मेलमध्ये जाताना अक्षरांच्या रूपात बदलली जाते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे २० एमबीची फाइल २७ च्या आसपास जाते, आणि सर्व्हरच्या मर्यादेपलीकडे गेली की ५५२ येतो. आउटलुक वापरणाऱ्यांकडे असा एक जड मेल आउटबॉक्समध्ये अडकला की मागचे छोटे मेलसुद्धा थांबून राहतात, तो काढला की बाकीचे सुटतात. ‘वर्क ऑफलाइन’ चुकून दाबलेलं नाही ना तेही बघून घ्या.

अजून एक सांगते कारण त्याने नुकसान होतं. थंडरबर्ड मेल पाठवल्यावर त्याची प्रत सेंट फोल्डरमध्ये ठेवतो, आणि ही प्रत आयमॅपने जाते, एसएमटीपीने नाही. कधीकधी मेल गेलेला असतो आणि फक्त प्रत ठेवायचं काम अडतं. खिडकी येते, त्यात लिहिलेलं असतं की मेल पाठवला पण प्रत ठेवता आली नाही, माणूस न वाचता परत सेंड दाबतो, मग परत, आणि समोरच्याला तेच बिल किंवा तोच अर्ज चार वेळा पोचतो. म्हणून पुन्हा सेंड दाबण्याआधी ज्याला पाठवलाय त्याला एकदा विचारा. आणि स्वतःलाच पाठवलेला टेस्ट मेल इनबॉक्समध्ये दिसला पण सेंटमध्ये नाही, तर हेच झालंय, मग एसएमटीपीला हातच लावू नका, अकाउंटच्या ‘कॉपीज अँड फोल्डर्स’ मध्ये सेंट फोल्डर कुठला निवडलाय ते बघा.

तर तुम्ही आता एवढं करा. हॉटस्पॉटवरून स्वतःला छोटा मेल पाठवा. मग आउटगोइंग सर्व्हरचा तो भाग उघडून पोर्ट आणि सिक्युरिटीची जोडी बघा, चुकली असेल तर बरोबर करून थंडरबर्ड बंद करून परत चालू करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर पाठवून बघा, तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने जमलं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून सुरुवात.

एवढ्यावरही नाही गेला तर मला तीन गोष्टी सांगा, एररचा शब्द न शब्द मजकूर, आउटगोइंग सर्व्हरच्या पानाचा स्क्रीनशॉट, आणि हॉटस्पॉटवर काय झालं ते. स्क्रीनशॉटमध्ये तुमचा मेल आयडी झाकून टाका, सर्व्हरचं नाव दिसलं तरी चालेल. आणि पासवर्ड मलाही सांगू नका, मदत करतो म्हणणाऱ्या दुसऱ्या कोणालाही सांगू नका, यातलं काहीही शोधायला तो लागत नाही.